जुलैतला सौदा : शिकागोच्या रिग्ली मैदानावरून

शिकागो म्हटले की आपल्याला दोन गोष्टी हमखास आठवतात. एक, १८९३ सालच्या सर्वधर्म परिषदेतले स्वामी विवेकानंदांचे भाषण आणि दुसरी, तिथल्या गगनचुंबी इमारती. २०१६ च्या मे महिन्यात मी मुलीकडे सहा महिन्यांसाठी गेले, तेव्हा माझ्याही यादीत याच गोष्टी होत्या. विवेकानंद जिथे बोलले ती आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत पाहिली, मिशिगन सरोवराचा किनारा पालथा घातला, विलिस टॉवरच्या १०३ व्या मजल्यावरून खाली पाहताना डोळे गच्च मिटून घेतले. पण बडोद्याला परतल्यावर मैत्रिणींनी विचारले, "काय गं, विशेष काय पाहिलंस?" तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघून गेले, "एक मैदान. आणि त्या मैदानापायी एका घरात जुंपलेलं भांडण."

ते मैदान म्हणजे रिग्ली फील्ड, शिकागो कब्स या बेसबॉल संघाचे घर. आणि ते भांडण आमच्या घरमालकांचे, त्यांच्या नातीशी.

तळमजल्यावरचे आजोबा

माझी मुलगी शहराच्या उत्तर भागात, लेक व्ह्यू नावाच्या वस्तीत राहत होती. शिकागोत विटांची जुनी तीनमजली घरे पुष्कळ. एकेका मजल्यावर एकेक बिऱ्हाड, मागच्या बाजूला लाकडी जिने आणि लाकडीच सज्जे. पुण्यातल्या जुन्या वाड्यांची आठवण यावी असा सगळा प्रकार. तळमजल्यावर घरमालक राहत. वय वर्षे ८८, अंगाने उंचपुरे, कानाने थोडे अधू. पत्नीला जाऊन काही वर्षे झालेली. सोबतीला एक नात. ती वकिलीचे शिक्षण घेत होती आणि आठवड्यातून दोन दिवस अडल्यानडल्या बायकांना मोफत कायदेशीर सल्ला देणाऱ्या केंद्रात कामाला जात होती.

संध्याकाळ झाली की आजोबा मागच्या सज्जात रेडिओ लावून बसत. घरात चांगला मोठा टीव्ही होता, पण बेसबॉल ऐकायचा तो रेडिओवरच, असा त्यांचा हट्ट. मी कुंडीतल्या कोथिंबिरीला पाणी घालायला जिन्यावर आले की हात करून बोलावत. माझे इंग्रजी बेताचे आणि त्यांना ऐकू कमी, त्यामुळे आमचे छान जमले!

कब्स या संघाने विश्वविजेतेपद, म्हणजे तिथली 'वर्ल्ड सीरिज', शेवटचे जिंकले होते १९०८ साली. अंतिम फेरीत शेवटचे पोहोचले १९४५ साली, आणि तेव्हाही डेट्रॉइटकडून हरले. त्या वर्षी बिली सियानिस नावाच्या एका खानावळवाल्याने आपली बोकडीण सामन्याला आणली, तिला बाहेर काढले आणि त्याने रागाने शाप दिला, अशी आख्यायिका तिथे शेंबडे पोरही सांगते. आजोबा तेव्हा १७ वर्षांचे होते. वडिलांचा हात धरून त्यांनी त्या सीरिजमधला एक सामना पाहिला होता.

"माझे वडील वाट पाहत गेले. बायको वाट पाहत गेली," ते एकदा म्हणाले. "आता माझी पाळी आहे. पण मला तसं जायचं नाही."

मैदान की माजघर?

मुलीने २० जुलैच्या दुपारच्या सामन्याची तिकिटे काढली. समोर न्यूयॉर्क मेट्स, म्हणजे २०१५ साली उपांत्य फेरीत कब्सना चारही सामन्यांत धूळ चारणारा संघ. आजोबा, नात, मुलगी आणि मी असे चौघे निघालो.

शहराच्या मध्यातून येणार असाल तर 'एल' म्हणजे उंचावरून धावणाऱ्या आगगाडीची लाल मार्गिका पकडायची आणि ॲडिसन स्थानकावर उतरायचे. मैदान तिथून हाकेच्या अंतरावर. आम्ही तर घरून पायीच गेलो. वाटेत नेहमीची घरे, खिडक्यांतल्या कुंड्या, कोपऱ्यावरची दुकाने, आणि अचानक समोर लाल पाटी! एवढे मोठे क्रीडांगण असे राहत्या घरांच्या गल्लीत दडलेले मी पहिल्यांदाच पाहिले. आजूबाजूला वाहनांचे अफाट तळ नाहीत की रुक्ष मोकळ्या जागा नाहीत.

हे मैदान १९१४ साली बांधले गेले. कब्स तिथे १९१६ साली आले. च्युइंगमवाले रिग्ली संघाचे मालक झाले, म्हणून पुढे त्यांचे नाव पडले. अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल मैदानांत याहून जुने एकच, बोस्टनचे फेनवे पार्क. रिग्लीला २०२० साली राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

आत शिरल्यावर नजर जाते ती मागच्या भिंतीवर. विटांची ती भिंत हिरव्यागार आयव्हीच्या वेलीने मढवलेली आहे. १९३७ साली लावलेली ही वेल एवढी दाट, की कधी कधी चेंडू त्यात गडप होतो. मग क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला नियमाने दोन बेस मिळतात. वेलीच्या वर मोठा धावफलक, तोही १९३७ चाच. आत माणसे बसून हाताने आकड्यांच्या पाट्या बदलतात. रस्त्यापलीकडच्या घरांच्या गच्च्यांवर बाके मांडलेली. पूर्वी तिथे घरची मंडळी आणि पाहुणे बसून फुकट सामना पाहत, आता तिकीट लावून बसवतात. गणपतीची मिरवणूक पाहायला आपल्याकडे लक्ष्मी रस्त्यावरच्या गॅलऱ्यांना येतो तसाच भाव!

आणखी एक गंमत. या मैदानावर १९८८ पर्यंत दिव्यांचे खांबच नव्हते. सगळे सामने उन्हात. ऑगस्ट १९८८ मध्ये पहिल्यांदा दिवे लागले, तर त्या रात्री पाऊस आला आणि सामना अर्धवट राहिला. "देवालाही पटलं नव्हतं," आजोबा म्हणाले.

आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांचे काय होणार ही चिंता होती, पण बेसबॉलच्या मैदानावर भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांना फार मान आहे. शेंगा खायच्या आणि टरफले खुशाल पायाशी टाकायची. आयुष्यात पहिल्यांदा मी सार्वजनिक ठिकाणी इतका कचरा निःशंक मनाने केला.

आजोबांनी एक छापील कार्ड आणि पेन्सिल माझ्या हाती दिली. प्रत्येक चेंडूफळीची नोंद त्यावर कशी करायची ते शिकवले. कोण बाद झाले, कसे झाले, कोण कुठल्या बेसवर पोहोचले, सगळे खुणांनी. नवव्या डावापर्यंत माझे कार्ड बरेचसे भरले होते. कब्स जिंकले. धावफलकावरच्या काठीवर निळ्या रंगात 'डब्ल्यू' लिहिलेला पांढरा झेंडा चढला. जवळून जाणाऱ्या गाडीतल्या लोकांनाही निकाल कळावा म्हणून ही प्रथा. हरले तर निळा झेंडा आणि त्यावर पांढरा 'एल'.

खेळापेक्षा चर्चा मोठी

पण वाचकहो, खरे सांगते, त्या दुपारी आमच्या आसपास बसलेल्या निम्म्या लोकांचे खेळाकडे लक्ष नव्हते. ते भांडत होते. पुढच्या रांगेतले दोघे, मागच्या रांगेतले एक जोडपे, शेंगा विकणारा पोरगा आणि आमचे आजोबा, सगळेच. विषय एकच, आता कोणाला आणायचे आणि त्याच्या बदल्यात कोणाला द्यायचे?

हा प्रकार आपल्याला नवा, म्हणून थोडे समजावून सांगते. अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल स्पर्धेत ३० संघ आहेत. एप्रिल ते सप्टेंबर या काळात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. आपल्याकडे आयपीएलचा लिलाव स्पर्धेच्या आधी उरकतो. तिथे मात्र भर हंगामात, जुलैअखेरच्या मुदतीपर्यंत, संघ एकमेकांशी खेळाडूंची अदलाबदल करू शकतात. तोवर चित्र स्पष्ट झालेले असते. जिंकण्याची आशा असलेल्या संघाला आजच्या आज उपयोगी पडणारा तयार खेळाडू हवा असतो. आशा संपलेल्या संघाला हवी असतात उद्याची गुणी पोरे. मग सौदा होतो. बहुतेक खेळाडूंना कोणी विचारतही नाही. काल इथे होतास, उद्या तिथे जा, एवढेच.

त्या साली मुदत १ ऑगस्टची होती आणि कब्स आपल्या गटात सर्वांच्या पुढे होते. उणीव दिसत होती ती एकच. शेवटच्या डावात येऊन आघाडी राखणारा दणकट पिचर. त्याला तिथे 'क्लोजर' म्हणतात. दुकानाला कुलूप लावणारा माणूस म्हणा ना! कब्सकडे हेक्टर रोंडोन होता आणि तो चांगलाही होता. पण ऑक्टोबरच्या बाद फेरीत चांगल्याने भागत नाही, असे अर्ध्या गावाचे म्हणणे.

न्यूयॉर्क यांकीजकडे असे दोन पिचर होते. एक अँड्र्यू मिलर. त्याचा करार २०१८ पर्यंतचा, म्हणून किंमत भारी. यांकीजचा डोळा काइल श्वार्बर या तरुण फलंदाजावर असल्याचे वर्तमानपत्रांतून येत होते. श्वार्बरचा गुडघा एप्रिलमध्येच दुखावला होता आणि त्याचा हंगाम संपला असे सगळे धरून चालले होते. "तो या वर्षी खेळणारच नाही, देऊन टाका!" असे पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, तर त्याच्या शेजाऱ्याने त्याच्याकडे असे पाहिले की जणू त्याने घरची गाय कसायाला द्यायला सांगितले.

दुसरा होता अरोल्डिस चॅपमन. मूळचा क्युबाचा. २०१० साली त्याने ताशी १०५ मैलांहून जास्त, म्हणजे सुमारे १६९ किलोमीटर वेगाने चेंडू टाकला होता. आपल्या माहितीतला क्रिकेटमधला शोएब अख्तरचा विक्रम १६१ किलोमीटरचा आहे, यावरून कल्पना यावी. त्याचा करार मात्र त्याच वर्षी संपत होता. म्हणजे आणला तरी तो जेमतेम तीन महिन्यांचा पाहुणा. बदल्यात यांकीजना हवा होता ग्लेबर टोरेस, व्हेनेझुएलाचा १९ वर्षांचा मुलगा. कब्सनी त्याला १६ व्या वर्षी करारबद्ध केले होते आणि दुय्यम संघात त्याला घडवत होते.

आजोबांचे हिशेब

चाहत्यांची स्मरणशक्ती सावकाराच्या चोपडीसारखी असते. घरी परतल्यावर सज्जात बसून आजोबांनी मला जुने सौदे मोजून दाखवले.

१९६४ च्या जूनमध्ये कब्सनी लू ब्रॉक हा पोरगेला खेळाडू सेंट लुइसला दिला आणि अर्नी ब्रोलियो हा नावाजलेला पिचर आणला. ब्रॉकने त्याच वर्षी सेंट लुइसला विजेतेपद मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला, पुढे ९३८ बेस चोरले आणि १९८५ साली तो बेसबॉलच्या मानाच्या दालनात जाऊन बसला. ब्रोलियोने कब्ससाठी जिंकलेले सामने सगळे मिळून सात!

"म्हणजे सौदा करू नये," मी म्हणाले.

"थांबा, अजून संपलं नाही." १९८४ च्या जूनमध्ये त्यांनी जो कार्टर या होतकरू फलंदाजासह काही खेळाडू क्लीव्हलंडला दिले आणि रिक सटक्लिफ हा पिचर आणला. त्याने त्या हंगामात कब्ससाठी १६ सामने जिंकले आणि फक्त एक हरला. १९४५ नंतर प्रथमच संघ बाद फेरीत गेला. पण पहिले दोन सामने जिंकून पुढचे तीन हरला. आणि कार्टर? त्याने १९९३ साली टोरंटोला होम रन मारून विश्वविजेतेपद मिळवून दिले.

"म्हणजे करावा की करू नये?" मी गोंधळून विचारले.

"तेच तर भांडण आहे," आजोबा हसले.

मला माझ्या माहेरची आठवण झाली. खानदेशातले आमचे गाव, ज्वारी-कापसाची शेती. घरात बियाण्याची वेगळी कणगी असे. वर्ष कितीही वाईट गेले, पाहुणेरावळे किती आले, तरी त्या कणगीला हात लावायचा नाही, असा आजीचा दंडक. गंमत म्हणजे बेसबॉलमध्ये तरुण खेळाडू तयार करणाऱ्या दुय्यम संघांना 'फार्म', म्हणजे शेतच म्हणतात. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत आजोबांना कणगीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमची आजी शहाणी होती. पण ज्याच्या वाट्याला एकच पेरणी उरली आहे त्यानं बियाणं कोणासाठी राखायचं?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तेवढ्यात रेडिओवर एक बारीकशी बातमी आली. कब्सनी एक तरुण फलंदाज देऊन सिॲटलकडून माइक माँटगोमेरी नावाचा डावखुरा पिचर घेतला होता. आजोबांनी खांदे उडवले आणि समोर पडलेल्या माझ्या कार्डावर पेन्सिलीने काहीतरी खरडले. या सौद्यावर कोणीच भांडले नाही.

नातीचा आक्षेप

भांडण पेटले ते चॅपमनवरून, आणि ते टोरेसच्या किमतीवरून नव्हते.

ऑक्टोबर २०१५ मध्ये चॅपमनवर त्याच्या मैत्रिणीला मारहाण केल्याचा आरोप झाला होता. त्याने त्या वेळी घरात बंदुकीच्या गोळ्याही झाडल्या होत्या. मारहाण केल्याचे त्याने नाकारले आणि फौजदारी खटला भरला गेला नाही. पण घरगुती हिंसाचाराविषयी बेसबॉलने नुकताच केलेला नियम लावून त्याच्यावर ३० सामन्यांची बंदी घालण्यात आली. या नियमाखाली बंदी आलेला तो पहिला खेळाडू.

"तो आला तर मी त्याच्यासाठी टाळी वाजवणार नाही," नात म्हणाली.

"शिक्षा भोगून झाली ना त्याची?" आजोबा.

"शिक्षा झाली म्हणून माझ्या अंगावर आपल्या संघाचा सदरा चढवून त्याचं नाव मिरवायला हवं का? आजोबा, मी आठवड्यातून दोन दिवस कोणासमोर बसते, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"आणि मी ७१ वर्षं कशासमोर बसलो आहे, हे तुला ठाऊक आहे ना?"

त्या रात्री तळमजल्यावर दोघे वेगवेगळ्या वेळी जेवले. वरच्या मजल्यावर आम्हा मायलेकींचेही थोडे वाजले. मुलगी नातीच्या बाजूची. मलाही तिचेच पटत होते, पण सज्जातला तो वाकलेला म्हातारा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

२५ जुलैला सौदा झाला. टोरेस आणि आणखी तिघे न्यूयॉर्कच्या झोळीत, चॅपमन शिकागोत. २००४ साली बोस्टनची ८६ वर्षांची प्रतीक्षा संपवणारे थिओ एपस्टाइन आता कब्सचा कारभार पाहत होते. तेव्हाही त्यांनी मुदतीच्या दिवशी बोस्टनचा लाडका नोमार गार्सियापारा देऊन टाकला होता. त्यामुळे निम्मे चाहते म्हणाले, या माणसाला कळते. उरलेले म्हणाले, कळते ते फक्त जिंकणे. मिलर गेला क्लीव्हलंडला. श्वार्बर मात्र कब्सनी राखला.

मैदानावर चॅपमन आला की टाळ्यांचा कडकडाट होई, आणि त्यात काही हात मांडीवर तसेच राहत. शहरातल्या एका चाहतीने एक वेगळीच वाट काढली. चॅपमनने सामना राखला, म्हणजे त्याच्या नावावर 'सेव्ह' लागला, की दर वेळी घरगुती हिंसाचाराच्या बळींना मदत करणाऱ्या संस्थेला १० डॉलर द्यायचे. बघता बघता बरेच लोक त्यात सामील झाले. आमच्या घरातली नातही झाली. तिने स्वयंपाकघराच्या फळीवर एक काचेची बरणी ठेवली.

सप्टेंबरअखेर चॅपमनच्या नावावर कब्ससाठी १६ सेव्ह लागले. नातीने बरणी उपडी केली तर १६० ऐवजी ३२० डॉलर निघाले. आजोबांनी चकार शब्द न काढता दर वेळी आपले १० टाकले होते. सप्टेंबरात कधीतरी दोघे पुन्हा एकत्र जेवू लागले होते.

ती पावसाळी रात्र

२ नोव्हेंबर २०१६. अंतिम फेरीचा सातवा आणि निर्णायक सामना, क्लीव्हलंडच्या मैदानावर. आम्ही सगळे तळमजल्यावर. टीव्हीचा आवाज बंद आणि रेडिओ चालू.

आठव्या डावात कब्सकडे आघाडी होती. आधीच्या दोन सामन्यांत भरपूर राबवल्यामुळे चॅपमन दमलेला दिसत होता. त्याच्या चेंडूवर रजाय डेव्हिसने होम रन ठोकला आणि ६-६ अशी बरोबरी झाली. खोलीत कोणी श्वास घेईना. मी हळूच नातीकडे पाहिले. 'मी सांगितलं होतं' म्हणायची हीच वेळ होती. तिने खुर्ची पुढे ओढून आजोबांचा हात धरला.

नऊ डाव संपले आणि पाऊस आला. १७ मिनिटे खेळ थांबला. ती १७ मिनिटे मला तरी १०८ वर्षांपेक्षा मोठी वाटली. दहाव्या डावाची सुरुवात कोणी करावी? श्वार्बरने. ज्याचा हंगाम एप्रिलमध्येच संपला असे सगळे म्हणत होते, ज्याला देऊन टाका असे त्या दुपारी पुढच्या रांगेतला माणूस ओरडत होता, तो थेट अंतिम फेरीसाठी परतला होता. त्याने फटका मारून पहिला बेस गाठला. त्याच्या जागी पळायला दुसरा आला, पुढे बेन झोब्रिस्टने फटका मारला, आणि कब्स ८-६ असे पुढे गेले. क्लीव्हलंडने एक धाव काढली. एकच गडी बाद व्हायचा राहिला असताना पिचर बदलला.

"हा कोण?" आजोबांनी डोळे बारीक केले.

तो माँटगोमेरी होता! ज्याच्यावर कोणीच भांडले नव्हते तो. त्याच्या चेंडूवर सरपटता फटका गेला, ब्रायंटने उचलून रिझोकडे फेकला आणि संपले. ८-७. माँटगोमेरीच्या कारकिर्दीतला तो पहिलाच सेव्ह. बाहेर रस्त्यावर भोंगे, भांडी, फटाके, जे हाताला लागेल ते वाजू लागले. आजोबा मात्र रेडिओवर हात ठेवून तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा मैदानावर गेलो. बाहेरच्या विटांच्या भिंतींवर लोक रंगीत खडूंनी नावे लिहीत होते. खेळाडूंची थोडी, आपल्या माणसांची जास्त. ज्या आईवडिलांनी, आजीआजोबांनी वाट पाहत डोळे मिटले त्यांची. आजोबांचा हात थरथरत होता, म्हणून नातीने लिहिले. आधी पणजोबांचे नाव, खाली आजीचे.

परतताना ती म्हणाली, "आजोबा, आपण जिंकलो म्हणून मी म्हटलेलं चूक ठरत नाही."

"नाही ठरत," आजोबा म्हणाले. "पण मला झालेला आनंदही खोटा नाही."

पुढे गॅलरीत बसून हा संवाद मी कितीदा तरी आठवला आहे. दोघांतले कोण बरोबर, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

जाणार असाल तर

हंगाम एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत. एप्रिल-मे महिन्यांत सरोवरावरून बोचरे वारे येतात, स्वेटर बरोबर हवाच. जमल्यास दुपारचा सामना निवडावा, या मैदानाची खरी शोभा उन्हात. वेलीच्या भिंतीमागच्या उघड्या बाकांवर, म्हणजे 'ब्लीचर्स'मध्ये, टोपी आणि पाण्याशिवाय बसू नये. मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत. सामन्याचे तिकीट नसले तरी माहितगारासोबत मैदान हिंडून दाखवणाऱ्या फेऱ्या असतात, त्यांच्या वेळा आधी पाहून घ्याव्यात. आणि जुलैचे शेवटचे दहा दिवस साधता आले तर उत्तमच. खेळाचे नियम कळले नाहीत तरी चालेल. शेजारच्या माणसाला एवढेच विचारा, "यंदा कोणाला आणायला हवं?" पुढचे दोन तास मजेत जातील.

चॅपमन त्याच डिसेंबरमध्ये पुन्हा यांकीजकडे गेला. टोरेस २०१८ साली त्यांच्याच मुख्य संघात आला आणि पहिल्याच वर्षी निवडक खेळाडूंच्या 'ऑल-स्टार' संघात त्याची वर्णी लागली. म्हणजे सौद्यातले दोघेही यांकीजच्या घरी! आजोबा २०१९ च्या हिवाळ्यात गेले. २०२१ च्या जुलैअखेर नातीचा निरोप आला. कब्सनी अवघ्या दोन दिवसांत रिझो, बाएझ आणि ब्रायंट, २०१६ चे तिन्ही मोहरे, देऊन टाकले होते. या वेळी कब्स विकणाऱ्यांच्या रांगेत होते, उद्याची पोरे मागत. 'आजोबा असते तर आठवडाभर भांडलो असतो,' तिने लिहिले होते.

त्या दुपारचे कार्ड माझ्या कपाटात आहे. खुणा आता मलाही नीट वाचता येत नाहीत. कोपऱ्यात आजोबांच्या हातचे पेन्सिलीने लिहिलेले एक नाव आहे, माँटगोमेरी, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.